चिकटवाडीवर स्वारी!

हे वाचता वाचता एक काम कर. तोंड मीट आणि जीभ दातांवरून फिरव. आधी पुढच्या दातांवरून, मग पार मागच्या दाढेपर्यंत.

काय लागतंय? आता कदाचित फारसं काही नाही. पण हाच उद्योग उद्या सकाळी उठल्या उठल्या कर, ब्रश करायच्या आधी. दातांवर चक्क एक बुळबुळीत पापुद्रा लागेल! आणि ब्रश झाल्यावर? गायब! दात एकदम गुळगुळीत.

ओळख पाहू, तो पापुद्रा कशाचा होता? रात्रीच्या वरणभाताचा? नाही. नुसत्या लाळेचा? तसंही नाही.

ती एक अख्खी वस्ती होती. जिवंत, गजबजलेली आणि तुझ्याच तोंडातली!

त्या वस्तीत राहतात जिवाणू. केवढे असतात ते? कंपासपेटीतली पट्टी काढ. तिच्यावरच्या सगळ्यात जवळजवळच्या दोन रेघा बघ, मिलिमीटरच्या. त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत हजारेक जिवाणू एका रांगेत मावतील. तेही धक्काबुक्की न करता!

या मंडळींना एकेकटं भटकण्यापेक्षा घोळक्यानं राहायला आवडतं. बरी जागा दिसली की ती तिथे चिकटतात. मग अंगातून एक चिकट लगदा सोडतात आणि त्या लगद्यातच संसार थाटतात. हजारो, लाखो, कोट्यवधी! शास्त्रज्ञ अशा वस्तीला बायोफिल्म म्हणतात. आपण तिला आपलं एक नाव देऊन टाकू. चिकटवाडी!

एकदा ओळख पटली की चिकटवाड्या जिकडेतिकडे दिसायला लागतात. ओढ्यातल्या ज्या दगडावरून पाय घसरतो, त्याच्यावर. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की तिच्या आतल्या बाजूला. बेसिनच्या जाळीखाली. (शी! हो, अगदी शी! पण उचलून बघच एकदा.)

आणि अशा एका जागी, जिथे त्या मुळीच नको असतात. जिथे दूध, चीज, आइस्क्रीम असले पदार्थ तयार होतात, त्या कारखान्यांतल्या पाइपांत आणि यंत्रांत! तिथे या वाड्यांवर रोज स्वारी होते. रोज म्हणजे रोज. दिवाळीलासुद्धा सुट्टी नाही, कारण गाई-म्हशी दिवाळीलाही दूध देतात!

पण स्वारीवर निघायच्या आधी एका कापड दुकानदाराला भेटायला हवं.

त्याचं नाव अँटनी फान लेव्हेनहूक. गाव डेल्फ्ट, देश नेदरलँड्स. साल १६८३. म्हणजे आपल्याकडे रायगडावर संभाजी महाराजांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. हा माणूस कापड विकायचा आणि फावल्या वेळात स्वतःच्या हातानं काचेची चिमुकली भिंगं घासायचा. इतकी सुरेख की त्या काळी तशी भिंगं फार थोड्या जणांना जमायची.

लेव्हेनहूक रोज सकाळी मीठ लावून दात घासायचा. आपले पणजोबा घासायचे ना, तसंच! तरीही त्याच्या दातांच्या फटीत पांढरट काहीतरी राहायचंच. एक दिवस त्यानं ते खरवडलं, पाण्यात कालवलं आणि भिंगाखाली धरलं.

अबब! त्यात इवलेसे प्राणी सुळसुळत होते! कुणी माशासारखा सरळ सुटायचा, कुणी भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. एखाद्या राज्यात माणसं नसतील इतके प्राणी एका माणसाच्या दातांवर असतात, असं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवून टाकलं. जिवाणू बघणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी हा एक!

खरी गंमत तर पुढे आहे. त्याला वाटलं, व्हिनेगरनं चूळ भरली तर? हे प्राणी मरतील का? त्यानं भरली चूळ. पुन्हा खरवडलं. पुन्हा बघितलं. तर काय! दाढांमागचे प्राणी मजेत जिवंत! पण तोच खरवडलेला भाग त्यानं व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात नीट कालवला, तेव्हा मात्र सगळे गप्पगार.

म्हणजे व्हिनेगर त्यांना मारत होतं, पण आत पोचत नव्हतं! थराच्या बाहेरबाहेरचे तेवढे मरत होते. आतले सुरक्षित. तीनशे चाळीस वर्षांपूर्वी एका दुकानदारानं चिकटवाडीचं सगळ्यात मोठं गुपित पकडलं होतं. दुर्दैव असं, की त्या गुपिताकडे पुढे कितीतरी वर्षं कुणी फारसं बघितलंच नाही. १९७८ मध्ये बिल कॉस्टरटन नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी ठासून सांगितलं, की अहो, जिवाणू निसर्गात बहुतेक वेळा असे चिकटून, घोळक्यानंच राहतात! मग कुठे जगाचे डोळे उघडले.

चल आता, एका डेअरीत जाऊ.

दूध कसं येतं ते तुला ठाऊक असेलच. पहाटे गावातल्या संकलन केंद्रावर कॅन घेऊन माणसं रांगेत उभी. कुणाच्या मोटरसायकलला दोन कॅन लटकवलेले, कुणाच्या हातात साधी किटली. तिथून दूध जातं गार करणाऱ्या मोठ्या टाकीत, मग टँकरमधून डेअरीत. डेअरीत ते तापवतात. ७२ अंश सेल्सिअसला निदान १५ सेकंद, आणि लगेच गार. याला म्हणतात पाश्चरायझेशन. दुधातले आजार पसरवणारे जिवाणू इथे मरतात.

मग भीती कसली? संपलं की काम!

थांब थांब! दूध तापवण्याच्या यंत्रातून निघालं, तरी ते पिशवीत कुठे पोचलंय? अजून त्याला कितीतरी पाइपांतून जायचंय. वळणं, नळ, टाक्या, पंप आणि शेवटी पिशव्या भरणारं यंत्र. या वाटेवर कुठेतरी एक चिकटवाडी वसलेली असेल, तर? तिथून सुटलेले जिवाणू सरळ दुधावर स्वार होऊन पिशवीत!

आणि ही वाडी वसते कशी, माहितीये? चक्क पायरी पायरीनं.

आधी दूध स्वतःच वाट मोकळी करून देतं. स्टीलच्या पाइपला दूध लागलं की त्यातल्या प्रथिनांचा एक पातळसा लेप थोड्याच वेळात आतून बसतो. तुझ्या डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ. पण जिवाणूसाठी ते अंथरूणच झालं!

मग एखादा जिवाणू वाहत वाहत येतो. टेकतो. आवडलं नाही तर सुटूनही जातो. आवडलं तर मात्र बारीक केसांसारख्या तंतूंनी घट्ट धरतो आणि डिंक काढायला लागतो. साखरेच्या लांबच लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भावंडांच्या पोटातून सांडलेला डीएनए, असं सगळं त्या डिंकात असतं. बाकी पाणीच पाणी. असला मसाला आपल्याला कुणी फुकट दिला तरी नको!

आणि मग एकाचे दोन. दोनाचे चार. चाराचे आठ. काही जिवाणूंना खाणं, ऊब आणि ओल अशी सगळी चंगळ मिळाली, तर दर २० मिनिटांनी ते दुप्पट होऊ शकतात. चल, हिशेब करू. सकाळी ९ वाजता एकच जिवाणू आहे. संध्याकाळी ५ वाजेपर्यंत किती होतील? वही घे आणि दुप्पट करत जा, २४ वेळा. मी थांबते.

झालं? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! हा कागदावरचा हिशेब बरं का. खऱ्या वाडीत दाटी होते, खाणं कमी पडतं, वेग मंदावतो. पण दुधाच्या पाइपात खाण्याला काय तोटा?

वाडी थोडी मोठी झाली की तिच्यात पाण्याच्या वाटा तयार होतात. बारीक बारीक बोळ! त्यांतून खाणं आत येतं, घाण बाहेर जाते. अगदी तळाशी जे असतात, त्यांना फार काही मिळत नाही. मग ते काय करतात? झोपतात! खरंच, जवळजवळ सगळी कामं थांबवून पडून राहतात. आणि इथेच मोठी पंचाईत आहे. पुष्कळ औषधं काम करणाऱ्या, वाढणाऱ्या जिवाणूवरच चालतात. झोपलेल्याचं ती काय वाकडं करणार? बाहेर डिंकाची भिंत, आत कुंभकर्ण! म्हणूनच एकट्या तरंगणाऱ्या जिवाणूला मारायला जेवढं औषध लागतं, त्याच्या कितीतरी पट, कधी कधी तर हजारपटसुद्धा, औषध वाडीतल्या जिवाणूला लागतं.

अजून एक ऐक, हे मला सगळ्यात आवडतं. जिवाणू एकमेकांशी बोलतात!

तोंड नाही, कान नाहीत, पण बोलतात. प्रत्येक जण एक बारीकसं रसायन बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला त्या रसायनाचं प्रमाण वाढलं की प्रत्येकाला कळतं, अरे वा, आपण पुष्कळ जण जमलो! वर्गात हजेरी घेतात ना, तसं. पट भरला की मग सगळे मिळून एखादं काम सुरू करतात, जे एकट्यानं करण्यात काही अर्थ नसतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते समुद्रातल्या उजेड देणाऱ्या जिवाणूंमुळे. हवाई बेटांजवळ एक छोटासा स्क्विड राहतो. त्याच्या पोटाशी असे जिवाणू बिऱ्हाड करून असतात. थोडे असले तर अंधार. गर्दी झाली की सगळे एकदम दिवा लावतात! वाडी बांधतानाही कितीतरी जिवाणू अशीच हजेरी घेतात.

आता जरा गंभीर गोष्ट. पण घाबरू नकोस, माझ्याबरोबर राहा.

लिस्टेरिया नावाचा एक जिवाणू आहे. बहुतेक जिवाणू फ्रिजमध्ये गारठून गप्प बसतात. हा मात्र फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो! लहान बाळं, आजी-आजोबा आणि बाळ होणार असलेल्या आया यांना त्याचा फार धोका असतो. २००८ साली कॅनडात मांसाच्या तयार कापांमधून हा आजार पसरला आणि वीसहून जास्त माणसं दगावली. शोध घेतला तर कुठे सापडावी त्याची लपायची जागा? काप करणाऱ्या यंत्रांच्या पोटात! रोजची धुलाई पोचणारच नाही, अशा आतल्या सांदीकोपऱ्यात. यंत्रं धुतली जात होती, तरीही!

पुढे २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तर याहून मोठी साथ आली. हजाराहून जास्त लोक आजारी पडले, २१६ जण गेले. जगात नोंद झालेली लिस्टेरियाची ती सर्वांत मोठी साथ. तीही तयार मांसाच्या पदार्थातून. म्हणून तर खाण्याच्या कारखान्यात सफाई करणाऱ्या माणसाचं काम मला यंत्र चालवणाऱ्याच्या कामाइतकंच मोठं वाटतं. तसूभरही कमी नाही!

चल, आता स्वारी!

डेअरीतले पाइप किती लांब! ते खोलून घासत बसलं तर दूध नासून जाईल. म्हणून पाइप न खोलता, जागच्या जागी धुतात. या पद्धतीला तिथली सगळी माणसं सीआयपी म्हणतात. 'आज सीआयपी झालं का?' हा प्रश्न डेअरीत दिवसातून कितीदा तरी ऐकू येतो.

पहिली फेरी कोमट पाण्याची. उकळतं का नाही घेत? कारण उकळत्या पाण्यानं पाइपला लागलेली प्रथिनं शिजतात आणि चिकटून बसतात. दुधाचं पातेलं तळाला लागलं की घासताना आई कशी वैतागते, आठवतंय ना? तेच!

दुसरी फेरी कॉस्टिक सोड्याची. पाण्यात एक-दीड टक्का सोडा, तापमान ७० ते ८० अंश. हा गडी स्निग्धांश आणि प्रथिनं विरघळवतो. म्हणजे चिकटवाडीच्या पायाखालचं अंथरूणच ओढून घेतो! (कॉस्टिक सोडा कातडी भाजतो. डेअरीतली माणसंही हातमोजे आणि चष्मा घालूनच त्याच्या जवळ जातात. तू लांबूनच नमस्कार कर.)

मग पाणी. मग आम्लाची फेरी, बहुधा नायट्रिक आम्लाची, अगदी पातळ. आता हे कशाला? दुधात कॅल्शियम असतं. तापलेल्या स्टीलवर त्याचा पांढरा, टणक थर बसतो. गीझरमध्ये क्षार बसतात, तसा. डेअरीत त्याला 'मिल्कस्टोन' म्हणतात. सोड्याला तो दाद देत नाही, आम्लापुढे मात्र विरघळतो. पुन्हा पाणी. आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक.

सगळ्यात शेवटी! हे नीट बघ. आधी घासायचं, मग मारायचं. उलट केलं तर? लेव्हेनहूकची चूळ! जंतुनाशक बाहेरच्या थरातच संपतं. क्लोरीनचं तर असं आहे, की समोर दुधाचा चिखल दिसला की ते त्याच्याशीच भांडत बसतं आणि जिवाणूपर्यंत पोचायच्या आधी खलास होतं.

पण पाइपात हात जात नाही, ब्रश जात नाही. मग घासायचं कशानं?

वेगानं! घरात अरुंद तोंडाची बाटली कशी धुतात? आजी आत मूठभर तांदूळ आणि पाणी घालते आणि खळाखळा हलवते. पाइपात तांदळाचं काम पाण्याचे भोवरे करतात. पाणी सेकंदाला निदान दीड मीटर वेगानं पळवतात, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकं. त्या वेगाला पाणी सरळ, शहाण्यासारखं वाहतच नाही. ते उसळतं, गिरक्या घेतं, पाइपच्या भिंतींना धडका देतं. हळू सोडलं तर भिंतीलगतचं पाणी जेमतेम सरकतं आणि वाडी ढिम्म हलत नाही. पंप जरासा मंद झाला तरी सफाई फसू शकते, ती यामुळे.

एवढं सगळं करूनही चिकटवाड्या उरतात कुठे, सांग बरं?

लपाछपीत तू कुठे लपशील? मैदानाच्या मधोमध तर नाही ना! तेच त्यांचं. सरळ, गुळगुळीत पाइपात त्या फारशा टिकत नाहीत. म्हणून तर आतलं स्टील असं घासूनपुसून चकचकीत करतात की त्यावरचे खाचखळगे मायक्रॉनच्या आतले राहतात. साधारण ०.८ मायक्रॉन हा ठरलेला आकडा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एका जिवाणूएवढा! खाच त्याच्यापेक्षा मोठी असली की तो तिच्यात मस्त बसतो, आणि वरून पाणी नुसतं निघून जातं. म्हणून कारखान्यात तारेची घासणी एकदम बंद! ती घासते कमी आणि ओरखडे जास्त पाडते.

खऱ्या लपायच्या जागा वेगळ्याच. दोन पाइप जिथे जोडतात तिथली रबरी चकती, गॅस्केट. नवी असते तेव्हा मऊ आणि घट्ट. रोज गरम सोडा, रोज आम्ल, मग काही महिन्यांत ती कडक होते, तडकते. त्या तडीत वाडी! पाइपाला फुटलेला एखादा बंद फाटा, ज्यात दूध शिरतं पण पुढे वाहतच नाही. तिथे वाडी! नीट न घासलेला वेल्डिंगचा सांधा. तिथे वाडी!

आणि जमिनीवरची गटाराची जाळी. तिथे तर वाडी नाही, तालुकाच!

इथे एक भारी फसगत आहे. ही जाळी कशी साफ करशील? मोठ्या दाबाच्या पाण्याचा फवारा? फुस्स्स! नको, अजिबात नको! त्या फवाऱ्यानं जिवाणूंसकट बारीक तुषार हवेत उडतात आणि आत्ताच धुतलेल्या यंत्रावर जाऊन बसतात. चांगल्या कारखान्यात गटाराचा ब्रश वेगळ्या रंगाचा असतो आणि तो चुकूनही यंत्राला लावत नाहीत.

बरं, धुतलं. चकचकीत दिसतंय. पण खरंच स्वच्छ झालं का? डोळ्यांना तर चिकटवाडी दिसत नाही!

इथे धावून येतो काजवा.

हो, काजवाच! पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं लखलखतात, तोच. काजव्याच्या पोटात दोन पदार्थ असतात, ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज. पण त्यांच्यापासून उजेड पडायला आणखी एक गोष्ट लागते, एटीपी. प्रत्येक जिवंत पेशी हीच शक्ती वापरून जगते. तुझी, माझी, गवताची, जिवाणूची. सगळ्यांची!

काजव्याच्या उजेडाला एटीपी लागतं, हे १९४७ साली शोधलं विल्यम मॅकएलरॉय नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानं. त्याला प्रयोगाला खूप काजवे हवे होते. मग त्यानं काय केलं असेल? बाल्टिमोर शहरातल्या पोरांना सांगितलं, काजवे पकडून आणा, शंभराला २५ सेंट! पोरांनी बाटल्याच्या बाटल्या भरून आणल्या. असा गृहपाठ आपल्याला का नाही मिळत?

आता जोडून बघ. काजव्याचे दोन पदार्थ आपल्याकडे आहेत. ते यंत्रावर पुसून घेतलेल्या बोळ्याला लावले, तर काय होईल? बोळ्यावर एटीपी असेल, तर उजेड पडेल! डेअरीतली तपासनीस ताई नेमकं हेच करते. लांब काडीला लावलेला ओला बोळा ती गॅस्केटजवळ फिरवते, काडी नळीत खुपसते, नळी हलवते आणि मुठीत मावेल अशा एका यंत्रात ठेवते. उजेड इतका मंद असतो की डोळ्याला दिसत नाही, पण यंत्र तो मोजतं. मिनिटभराच्या आत आकडा समोर! आकडा मोठा आला तर पाइप पुन्हा धुवायचा. 'पण चकचकीत दिसतंय की' हे कारण चालत नाही!

हा आकडा फक्त जिवाणूंचा नसतो. दुधाचा उरलेला अंशही एटीपी दाखवतो. नेमका जिवाणू कोणता, ते बघायला प्रयोगशाळेत तो वाढवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. पण घाण राहिली एवढं कळलं, तरी रात्रपाळीचं काम झालं.

आणि बिचारे काजवे? काळजी नको, आता या कामासाठी त्यांना पकडावं लागत नाही. काजव्यातली ल्युसिफरेज बनवायची सूचना शास्त्रज्ञांनी काढून घेतली आणि एका जिवाणूच्या अंगात बसवली. ते जिवाणूच आता हा पदार्थ भराभर तयार करतात. म्हणजे जिवाणूंना पकडायला जिवाणूच दिवा पुरवतात. फितुरी म्हणतात ती हीच!

नवे सैनिकही तयार होताहेत. काही कारखाने विकरं वापरतात, म्हणजे डिंकाच्या साखळ्या कातरणाऱ्या इवल्या कात्र्या. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक लाल समुद्री शेवाळ आहे, त्याच्या अंगावर जिवाणूंचा थर सहसा बसत नाही. का? कारण ते असं रसायन सोडतं की जिवाणूंची हजेरीच घोटाळ्यात पडते! कुणाला कळतच नाही आपण किती जमलोय ते. आणि शार्क माशाची कातडी बघून अमेरिकेतल्या अँथनी ब्रेनन यांनी बारीक कंगोऱ्यांची नक्षी असलेला पृष्ठभाग बनवला. तो कुणाला मारत नाही. नुसता बसायलाच देत नाही!

पण माझा लाडका सैनिक म्हणजे बॅक्टेरियोफेज. जिवाणूंना खाणारा विषाणू! १८९६ साली अर्नेस्ट हँकिन नावाच्या इंग्रज संशोधकानं नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात काहीतरी आहे, जे पटकीच्या जिवाणूंना मारतं. कोण, ते त्याला दिसलं नाही. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी या विषाणूंना नाव दिलं. हँकिनला चकवणारे बहुधा हेच असावेत, असं आज बऱ्याच जणांना वाटतं. फेज जिवाणूवर उतरतो, आपली सूचना आत टोचतो आणि जिवाणूला आपल्याच प्रती काढायला लावतो. शेवटी फट्! जिवाणू फुटतो, नवे फेज बाहेर. माणसाला तो काहीही करत नाही. लिस्टेरियाला मारणारा असा फेज तयार मांसावर फवारायला अमेरिकेनं २००६ मध्ये परवानगीही दिली.

सगळ्याच चिकटवाड्या दुष्ट नसतात हं! सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत दगडांच्या थरावरून मैलापाणी झिरपवतात. त्या दगडांवरच्या चिकटवाड्या ती घाण खाऊन टाकतात. तिथे त्यांना कुणी धुवायला गेलं, तर उलट बोलणी खाईल!

आता तुझ्यासाठी एक कामगिरी. शाळेची पाण्याची बाटली आण. झाकण उघड. झाकणाच्या आत एक मऊ रबरी कडं दिसेल, तेच तुझ्या बाटलीचं गॅस्केट! मोठ्या माणसाला विचारून ते अलगद काढ. खालच्या खाचेत बोट फिरव. बुळबुळीत लागलं? सापडली वाडी!

आधी साबण आणि ब्रश, खाचेसकट. तारेची घासणी नको, का ते तुला आता माहीत आहे. मग मोठ्यांकडून गरम पाणी घालून घे. शेवटी कडं वेगळं, झाकण वेगळं, बाटली उपडी, आणि सगळं खडखडीत वाळू दे. ओल नसेल तर वाडी वसत नाही. हे आठवड्यातून निदान दोनदा तरी कर.

आणि शाळेची सहल कधी डेअरीत गेलीच, तर आइस्क्रीमच्या रांगेत उभं राहण्याआधी तिथल्या काकांना दोन प्रश्न विचार. गॅस्केट किती दिवसांनी बदलता? आणि काजव्याची तपासणी करता का? काय उत्तर मिळालं ते आम्हाला पत्रानं नक्की कळव!